आडगावचे पंपवाले उस्ताद: आधी हवा, मग डिझेल

माझी कॅम्पर, म्हणजे दुहेरी केबिनची पिकअप, 2011 ची. महिंद्राची 2523 सीसी, डीआय टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), कागदावर 63 अश्वशक्ती. निफाड तालुक्यात आमची द्राक्षं आणि टोमॅटो आहेत आणि ही गाडी मी स्वतः चालवते. रोजचा माल पिंपळगावच्या मार्केटला जातो, भाव बरा असला तर वाशीला. एका कॅरेटात वीस किलो, पन्नास कॅरेट भरले की एक टन. वाशीहून येताना गाडी रिकामी आणणं परवडत नाही, म्हणून भिवंडीच्या गोदामातून ड्रिपच्या नळ्या नाहीतर द्राक्षपेट्यांचे पुठ्ठे भरून आणते. म्हणजे कसारा घाट चढताना गाडी भरलेलीच असते. घाटाच्या शेजारून रेल्वे जाते, तिथे 37 फुटाला एक फूट असा चढ आहे आणि गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. माझ्या गाडीला मागून लावायला कोणी नाही.

गेल्या वर्षी टोमॅटोच्या हंगामात गाडीचा दम गेला. आधी जो चढ तिसऱ्या गियरमध्ये निघायचा तो दुसऱ्यात, तोही कण्हत. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे धूर नव्हता. काळा नाही, पांढरा नाही, स्लो (पाय न देता इंजिन चालतं ती गती) एकदम सरळ. नुसती ओढत नव्हती. हे नीट सांगते, कारण खरी खूण इथेच होती आणि ती मला तेव्हा वाचता आली नाही.

हायवेवरच्या एका गॅरेजात दाखवली. नाव सांगत नाही. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या मागच्या बाजूच्या स्क्रूवर कंपनीनं घातलेली टोपी पकडीनं तोडली, नट सैल केला आणि पाऊण आटा आत पिळला. "डिझेल वाढवलंय, आता बघा पिकअप." दहा मिनिटं, पाचशे रुपये. गाडी गॅरेजमधून निघाली तेव्हा खरंच हलकी वाटली, खोटं का बोलू. पण स्लो वाढलेला होता, तो त्यानं दुसरा स्क्रू फिरवून खाली आणला. आठ दिवसांत काय झालं ते असं: पहिल्या-दुसऱ्या गियरला रेस दिली की मागे काळा पडदा. लिटरला साडेबारा किलोमीटर जाणारी गाडी नऊवर आली. चांदवडच्या पुढे राहुड घाटात पाण्याचा काटा कधी नव्हे तो लाल रेघेला टेकला आणि मला बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबावं लागलं, वर पन्नास कॅरेट, उन्हात. आणि पीयूसीला गाडी नापास झाली. माझ्या वयाच्या गाडीला धुराची मर्यादा 2.45 आहे, माझी 3 च्या वर गेली. पीयूसीच्या पोरानं नळी काढली तर तिच्या तोंडाला काजळीचा थर.

माझे वडील, अण्णा, नाशिकच्या मायकोत नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या, खात्यात होते. कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, पण आमच्या घरात आणि सगळ्या नाशकात ती मायकोच आहे, सर्कलसुद्धा मायको सर्कलच. लहानपणी जेवताना मायक्रॉन हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की मला तो भाकरीइतका ओळखीचा आहे. त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "स्क्रू पिळायच्या आधी त्यानं हवा तपासली का गं?" मी म्हटलं नाही. "मग त्यानं उपाशी माणसाला दारू पाजली," म्हणाले. आणि नाशकातल्या आडगावच्या उस्तादांचा पत्ता दिला.

उस्तादांचा गाळा आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला आहे. पाटीवर मोठं नाव नाही, "डिझेल पंप व नोझल" एवढंच. पुढच्या भागात ट्रकवाल्यांची गर्दी, तेलकट फरशी, नेहमीसारखंच. पण मागे काचेचं दार आहे आणि त्या दाराच्या आत चप्पल घालून जाता येत नाही. आत टेस्ट बेंच, ट्रे, ब्रश, आणि इतकी स्वच्छता की मला आमचं द्राक्षाचं पॅकिंग शेड आठवलं. हे मुद्दाम लिहिते. या पंपाला वेगळं वंगण नसतं, आतून जाणारं डिझेल हेच त्याचं वंगण. प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारा दांडा, आणि त्याच्या घराच्या मधली फट दोन-तीन मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस भागांतला एक भाग. धुळीचा एक कण तिथे रेघ ओढून जातो. ज्या गाळ्यात पंप उघड्यावर, रस्त्याच्या धुळीत खोलतात, तिथे काम कितीही स्वस्त असलं तरी मी आता गाडी देणार नाही.

उस्तादांचं वय साठीच्या पुढे असेल. त्यांनी स्क्रूकडे पाहिलंसुद्धा नाही. तुटलेली टोपी बघून फक्त ओठ आवळले. मग मला बसवून प्रश्न विचारले, डॉक्टर विचारतात तसे. दम कधी गेला, एका दिवसात की हळूहळू? तेव्हा धूर होता का? टर्बोची शीळ ऐकू यायची ती बंद झाली का? फिल्टर कधी बदलला? मी म्हटलं, हळूहळू गेला, धूर नव्हता, शीळ कमी झालीय असं आता तुम्ही विचारल्यावर वाटतंय. ते म्हणाले, "ताई, डिझेल कमी पडत होतं हे खरं आहे. पण का कमी पडत होतं ते कोणी विचारलं नाही."

त्यांनी टर्बोच्या तोंडाला एक रबरी टोपण लावलं, त्यात सायकलसारखा व्हॉल्व. इंजिन बंद. कॉम्प्रेसरनं थोडीशीच हवा भरली, आणि साबणाचं पाणी घेऊन पोरगा एकेक जोड भिजवत गेला. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा जो जाड हॉज पाइप आहे, त्याच्या खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, फेस फुगायला लागला. बोटभर लांब चीर. वरून पाहिलं तर पाइप नवाकोरा. आणि दुसरी गोष्ट, हीच खरी: पंपाच्या वर एक गोल झाकण असतं, त्यात रबराचा पडदा असतो, आणि टर्बोच्या हवेची एक बारीक नळी त्या झाकणाला येते. ती नळी टोकाशी उन्हानं वाळून तडकली होती. पेनाच्या रिफिलपेक्षा थोडी जाड नळी. उस्तादांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि वाकवून बघायला सांगितलं. वाकवली तशी तडक तोंड उघडून हसल्यासारखी फाकली.

इथे पंप चालतो कसा ते सांगते. उस्तादांनी मला एक जुना कापलेला पंप दाखवून हे समजावलं, आणि उरलेलं अण्णांनी घरी. रोटरी पंपात चारही सिलिंडरसाठी एकच प्लंजर असतो. तो इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो आणि फिरता फिरता मागेपुढेही होतो. प्लंजरवर एक कडं सरकतं. कडं जितकं पुढे, तितका वेळ डिझेल नोझलकडे ढकललं जातं, आणि कडं मागे आलं की लवकर सुटतं. ते कडं कुठवर जाऊ द्यायचं हे मागचा मोठा स्क्रू ठरवतो. तोच स्क्रू जो गॅरेजवाल्यानं पिळला. पण टर्बोच्या गाडीला सगळ्या वेगाला सारखं डिझेल देऊन चालत नाही. टर्बोनं हवा दाबलेली नसताना जास्त डिझेल दिलं तर ते जळणार कशात? म्हणून वरचं ते झाकण. हवेचा दाब वाढला की पडदा स्प्रिंगला दाबत खाली जातो. पडद्याच्या खाली एक निमुळता दांडा असतो, खाली जाताना त्याच्या उताराला टेकलेली एक बारकी पिन आत सरकते, आणि कड्याला आणखी पुढे जायची मुभा मिळते. हवा आली, मग डिझेल वाढलं. हा क्रम पंप बनवणाऱ्यांनीच आत बसवून ठेवलेला आहे.

माझ्या गाडीत हॉज फाटल्यानं हवा कमी, नळी तडकल्यानं पडद्याला ती कमी हवासुद्धा पोचत नव्हती. पडदा खाली जात नव्हता. म्हणजे पंप मुकाट्यानं बिनटर्बोच्या हिशोबानं डिझेल देत होता. दम नाही आणि धूरही नाही, याचा अर्थ तो होता. मग गॅरेजवाल्यानं मोठा स्क्रू पिळून सगळ्याच वेगाला डिझेल वाढवलं, हवा मात्र होती तेवढीच. एक किलो डिझेल जाळायला वजनानं साधारण साडेचौदा किलो हवा लागते, तीही कागदावर. इंजिनात डिझेलचे थेंब आणि हवा एकमेकांत पूर्ण मिसळायला वेळच नसतो, म्हणून अठरा-वीसच्या खाली आलं की काजळी सुरू. ती काजळी म्हणजे माझे पैसे, आणि सायलेन्सरमधून माझ्या मागच्या मोटारसायकलवाल्याच्या छातीत.

पंप उतरवून बेंचवर चढवला तेव्हा उस्तादांनी मला काचेच्या आत बोलावलं. बेंचची मोटर पंप फिरवते, आणि चार आऊटलेटचं तेल चार मापाच्या नळ्यांत पडतं, हजार फटक्यांचं. झाकणाला कॉम्प्रेसरची हवा देऊन टर्बो आहे असं भासवतात. नळ्या डोळ्यासमोर भरताना बघणं म्हणजे मला रांगोळी भरताना बघण्यासारखं वाटलं, नजर हलेना. तीन नळ्या 46, 47, 46 सीसी. चौथी 41. उस्तादांनी सांगितलं, प्लंजर एकच आहे, तेव्हा एकच आऊटलेट कमी पडत असेल तर दोष त्याच्या डिलिव्हरी व्हॉल्वमध्ये. खोलला तर स्प्रिंग बसलेली, सीटवर रेघ. त्यांच्या वहीप्रमाणे या पंपाला हवेसकट साधारण 36 आणि हवेशिवाय 30 पाहिजेत. माझ्या पंपाचं हवेशिवायचं माप 39 होतं. पहिल्या गियरला काळा पडदा का पडायचा ते त्या एका आकड्यात आलं.

पंपाची सगळी सील बदलली, व्हॉल्व बदलला, मोठा स्क्रू मागे घेत घेत 30 वर आणला.

नोझलकडे मी जास्त वेळ उभी राहिले, अण्णांमुळे. नोझल टेस्टरला हातानं पंप मारायचा, काट्यावर दाब चढतो आणि एका आकड्याला नोझल उघडतो. चांगला नोझल किर्र असा आवाज करतो आणि तेल धुक्यासारखं फुटतं, चारही भोकांतून सारख्या फवाऱ्यात. माझा एक 210 बारला उघडला, दुसरा 170 लाच. तिसरा उघडल्यावर टोकाला थेंब धरून राहिला. असा टपकणारा नोझल पिस्टनच्या डोक्यावर जळतं डिझेल सांडत राहतो, आणि एकाच जागी पिस्टन भाजतो. नवीन आलेल्या पोरानं फवारा बघायला तळहात पुढे केला तर उस्तादांनी त्याच्या मनगटावर फटका मारून हात बाजूला केला. फवाऱ्याचा दाब कातडीतून तेल आत घालतो, बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं दिसतं आणि आत बोट सडतं. अण्णांच्या खात्यात ही पहिल्या दिवसाची शिकवण असायची. उस्ताद ओरडले नाहीत, पण पुढची पाच मिनिटं त्या पोराला समोर बसवून समजावत होते, गिऱ्हाईक ताटकळलं तरी. मला त्या दुकानाबद्दलचा विश्वास तिथे बसला.

चारही नोझल नवीन घातले आणि शिमा (आतल्या पातळ चकत्या) बदलून एका दाबावर आणले, पाच बारच्या आत.

आता दम वाढवण्याची गोष्ट. मी स्पष्ट सांगितलं होतं की मला कंपनीपेक्षा थोडं जास्त पाहिजे, कसाऱ्यासाठी. उस्ताद म्हणाले, "देऊ. पण मोठा स्क्रू पिळून नाही, पडद्यावरून देऊ. हवा असेल तेव्हाच मिळेल." पडद्याखालचा तो निमुळता दांडा सगळीकडून सारखा नसतो, एका अंगाला जास्त खोल उतार असतो. पडदा थोडा फिरवून बसवला की पिनीसमोर दांड्याचं दुसरं अंग येतं आणि हवेसोबतचं डिझेल वाढतं. हवेशिवायचं 30 तसंच राहतं. त्यांनी बेंचवर पडदा फिरवत फिरवत तीन जागा शोधल्या आणि टोकदार सुईनं पडद्याच्या पत्र्यावर तीन रेघा ओढल्या: एक 36 ला, एक 40 ला, एक 44 ला. रेघा इतक्या बारीक की मला चष्मा लावावा लागला.

पंप बसवताना टायमिंग डायल गेजनं लावलं, कानानं नाही. पंपाच्या मागचं बोल्ट काढून तिथे गेज आत घालतात, पहिला पिस्टन वर आणून प्लंजर किती मिलिमीटर उचललाय ते बघतात. दुसरीकडे मी "आवाज कडक येईपर्यंत" पंप फिरवणारे पाहिलेत. आवाज कडक म्हणजे टायमिंग पुढे, आणि भरल्या गाडीत तो कडकपणा हेड गॅस्केट आणि पिस्टन सोसतात.

ट्रायलच्या आधी त्यांनी मला एक खर्च सुचवला, आणि सुचवल्यावर दोन मिनिटं गप्प बसले, जोर केला नाही. टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये भोक पाडून उष्णतेचा सेन्सर आणि केबिनमध्ये त्याचा काटा. सोबत टर्बोच्या दाबाचाही काटा. पाण्याचा काटा उशिरा बोलतो, धूर उशिरा दिसतो, रात्री तर दिसतच नाही. एक्झॉस्टचा काटा दोन-तीन सेकंदांत सांगतो. मी हो म्हटलं. भोक पाडायला मॅनिफोल्ड उतरवला, जागेवर पाडलं नाही, म्हणजे लोखंडाचा चुरा टर्बोच्या पात्यांत जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पन्नास कॅरेट भरून आम्ही राहुड घाटाकडे निघालो. मी चालवत होते, उस्ताद शेजारी, मागच्या सीटवर पोरगा आणि पान्यांची पिशवी. पहिली चढाई 36 च्या रेघेवर, म्हणजे कंपनीच्या मापावर. आणि इथेच मला कळलं की माझं निम्म्याहून जास्त काम झालेलं आहे. गाडी तिसऱ्यात चढली. टर्बोचा काटा 0.6 बारला, एक्झॉस्ट 590 अंश, आरशात धूर नाही. साडेसहाशे रुपयांचा हॉज आणि चाळीस रुपयांची नळी, आणि जो दम मी स्क्रूत शोधत होते तो परत आला.

वर जाऊन गाडी बाजूला घेतली, झाकणाचे चार स्क्रू काढले, पडदा दुसऱ्या रेघेवर. पाच-सात मिनिटांचं काम. 40 वर पुन्हा खालून चढलो. हा फरक वेगळा होता. तिसऱ्या गियरमध्ये वळणानंतर पाय दाबला की गाडी वाट बघत नाही, उचलून धरते. एक्झॉस्ट 640, तिथेच टिकून. धूर म्हणाल तर गियर बदलताना क्षणभर फिकट, मग स्वच्छ. तिसरी चढाई त्यांनी मला मुद्दाम 44 वर करायला लावली. खालून निघालो तेव्हा मला वाटलं हेच पाहिजे, हेच ठेवा. चौथा गियर पडला, गाडी पळाली. मग निम्म्या घाटात काटा 680, 700, 710, आणि चढतच होता. उस्ताद काट्याकडे बोट दाखवत म्हणाले, "पाय काढा ताई." आरशात राखाडी पट्टा. पाय काढला तसा काटा उतरला.

वर थांबून चहा घेताना मी विचारलं, काटा बघून चालवलं तर 44 ठेवता येणार नाही का? त्यांनी सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिहिते: "तुम्ही बघाल. हंगामात ड्रायव्हर ठेवाल तो बघणार नाही. अॅल्युमिनियम 660 ला वितळतं. पिस्टन तेलानं थंड राहतो म्हणून वाचतो, पण लांबच्या चढात किती वेळ वाचेल? हवा आणखी हवी असेल तर आधी इंटरकूलर, मग डिझेल. या हवेला 40 पुरे." इंटरकूलर म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी. मग झाकण उघडून रेघ 40 ला लावली. मी पैसे जास्त देते म्हटलं असतं तरी त्यांनी लावलं नसतं, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं.

बिलाचा आकडा सांगते, कारण लोक तेच विचारतात. पंपाची मजुरी आणि बेंच 4,500, सील किट आणि व्हॉल्व 1,900, चार नोझल 3,400, हॉज-नळी-क्लॅम्प 800, दोन्ही काटे बसवून 5,200. एकूण 15,800. पाचशे रुपयांत पाऊण आटा पिळून मिळतो तिथे हे महाग वाटेल. पण त्या पाचशेच्या मागे लिटरमागे साडेतीन किलोमीटर मी जाळत होते.

तक्रारीही आहेत, आणि त्या मी त्यांच्या तोंडावर सांगितल्यात. एक, त्यांनी दोन दिवस सांगितले आणि चार लागले. हंगामात चार दिवस गाडी नसणं म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीचं भाडं. नोझल बाजारात मिळत नव्हते हे खरं, पण मग तसा फोन करायला पाहिजे होता. मीच दोनदा फोन केला, दोन्ही वेळा उचलला नाही. दोन, बेंचचे आकडे ते स्वतःच्या वहीत लिहितात, गिऱ्हाईकाला देत नाहीत. मी मागितल्यावर बिलाच्या मागे लिहून दिले. आधीचं माप, नंतरचं माप, नोझलचा दाब, टायमिंग, हे प्रत्येकाला कागदावर मिळालंच पाहिजे, ते त्यांच्याच कामाचं प्रमाणपत्र आहे. तीन, मोठ्या स्क्रूला त्यांनी वायरनं सील मारलं नाही. मी पुन्हा गेले तेव्हा मारून घेतलं. उद्या कुठल्या गॅरेजात कोणी हात लावला तर मला दिसलं पाहिजे.

चार महिने झाले. पीयूसी पुन्हा केली, आकडा 1.5. सरासरी 12.8 आली, म्हणजे दम वाढूनही आधीपेक्षा कमी नाही. कसाऱ्याला भरली गाडी तिसऱ्यात चढते, शेवटच्या वळणांना दुसरा लागतो, आणि काटा 650 च्या पुढे मी जाऊ देत नाही. क्लच मात्र आता लक्ष ठेवण्यासारखा झालाय. चौथ्यात एकदम पाय दाबला तर किंचित घसरल्याचं जाणवतं. दम वाढला की पुढची कमजोर कडी उघडी पडते, उस्तादांनी हे आधीच सांगितलं होतं. घाट चढून वर आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं स्लोवर ठेवते, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तापून जळू नये म्हणून.

कॉमन रेलच्या गाड्यांबद्दल कोणी विचारेल. तिथे हा पडदा, हा स्क्रू काहीच नसतं, डिझेलचं माप कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या दिराची नवी पिकअप आहे, तो कॉम्प्युटरला जोडायचा ट्यूनिंगचा डबा लावून दम वाढवायचं विचारायला माझ्यासोबत आला होता. उस्तादांनी ते काम करत नाही म्हणून सांगितलं, पण पहिला प्रश्न त्यालाही तोच विचारला, हॉज तपासले का? गाडी वॉरंटीत आहे म्हटल्यावर त्याला घरी पाठवलं.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर ट्रकवाले येतात. टाकी पूर्ण भरून नेऊ नका, डिझेल फिल्टर नवीन असेल तर त्याची तारीख लक्षात ठेवून जा, आणि दम कधीपासून कमी झालाय, धुराचा रंग काय, हे घरून नीट आठवून जा, कारण ते विचारतात. जुने सुटे भाग मागून घ्या, ते देतात. मी माझे चार नोझल आणले होते. अण्णांनी ते पेपरवर ओळीनं ठेवले, भिंग घेतलं, आणि टपकणारा कोणता ते मी न सांगता उचलून दाखवला. मग सुई त्याच्या घरातून हळूच बाहेर ओढली, तिचा चकाकणारा भाग उजेडाकडे धरला, आणि सीटजवळची ती पुसट रेघ मला दिसेपर्यंत हात तसाच धरून ठेवला.